गुरुबसप्पाचं साबणाचं खोकं

रेणापूरच्या बाजारात गुरुबसप्पाचं किराणा दुकान होतं, आणि दुकानापेक्षा मोठा त्याचा एक समज होता. माणसानं मनावर घेतलं तर कुठलंच काम दुसऱ्याकडून करून घ्यायची गरज नाही, असा तो समज. यापायी त्यानं घरातला नळ स्वतःच्या हातानं बसवला होता, आणि नळाला पाणी आलं नाही तेव्हा दुष्काळाला दोष दिला होता. दुष्काळ खरंच होता, त्यामुळं कुणाला काही सिद्ध करता आलं नाही.

लातूर जिल्हा वेगळा झाला त्याच्या पाठचं हे साल. उस्मानाबादेतून सुटलो म्हणून बाजारात पेढे वाटून झाले होते, आणि पेढे खाऊन तहान लागल्यावर लोकांच्या ध्यानात आलं होतं की पाणी नाही. जिल्हा नवा इकडं आला, पाऊस जुन्या जिल्ह्यातच राहिला, असं जो तो म्हणायचा. जुन्या जिल्ह्यातले पाहुणे आले की सांगायचे, तिकडं बी न्हाई.

होतं ते बोअरचं पाणी, आणि ते इतकं जड की बाजारचा साबण घासून घासून संपायचा, फेस काही यायचा नाही. यावर इलाज काढला होता गुरुबसप्पाच्या बायकोनं. नीलम्मा महिला मंडळाची अध्यक्ष. लातूरला जाऊन ती साबण करायला शिकून आली होती. खोबरेल जास्त, करडीचं तेल बेताचं, कास्टिक सोडा अगदी मापात. तिच्या साबणाला बोअरच्या पाण्यातसुद्धा फेस यायचा. ही गोष्ट जिल्ह्याच्या कचेरीतल्या रेणुकादास साहेबांच्या कानावर गेली आणि त्यांचा निरोप आला. गुरुवारी येतो. साबणाची अख्खी लादी तयार ठेवा, ती माझ्या हस्ते कापू. पसंत पडली तर बाजारातला सरकारी गाळा मंडळाला देऊ.

नव्या जिल्ह्यात रोज काही ना काही उघडत होतं. साहेब बहुतेक फिती कापून कंटाळले होते.

नीलम्मा आजवर ताटात साबण ओतायची. साहेबांपुढं ताट काही बरं दिसणार नव्हतं. लाकडी साचा पाहिजे होता.

"मडिवाळप्पा सुताराला सांगते," ती म्हणाली.

"खोकं करायला सुतार?" गुरुबसप्पानं तराजू खाली ठेवला. "उद्या चहा ढवळायला इंजिनेर बोलावशील."

"अवो, नुसतं खोकं न्हाई ते. बाजूच्या फळ्या सुट्या लागत्यात. त्याला कड्या लावायच्या. साबण धरला की कड्या काढायच्या, फळ्या बाजूला, लादी मोकळी. लातूरच्या बाईंनी दाखवलंय आमाला."

"उघडतंय ते खोकं गळतंय. मी असं करून देतो की वर हत्ती बसला तरी हालणार न्हाई."

"हत्ती कशाला बसंल?"

"उदाहरण असतंय ते."

दुकानात मालाची देवदारी खोकी पडलेली होती. त्यांच्या फळ्या काढून गुरुबसप्पानं साचा ठोकला. जिथं कडी पाहिजे तिथं खिळा, जिथं खिळा पाहिजे तिथं दोन खिळे, आणि खिळ्यांवर भरवसा नको म्हणून सगळ्या सांध्यांत सरस. झाल्यावर त्यानं स्वतः त्यावर बसून पाहिलं. हललं नाही. उघडायचं म्हटलं तर आता कुऱ्हाडच लागली असती, पण उघडायचं आहे ही गोष्ट त्याच्या हिशेबातच नव्हती.

मग आतून प्लास्टिक लावायचं आलं. लाकडाला साबण चिकटू नये म्हणून प्लास्टिक अंथरतात, आणि त्याच्या कडा चांगल्या हातभर बाहेर सोडतात, म्हणजे त्या धरून लादी वर उचलता येते. हेही लातूरच्या बाईंनी दाखवलं होतं. गुरुबसप्पानं साखरेच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक काढलं. त्याला चुण्या होत्या. चुणी राहिली तर लादीवर रेघ उठणार, आणि साहेबांपुढं रेघ म्हणजे अब्रूचा प्रश्न. म्हणून त्यानं शेजारच्या तुळजाबाईची कोळशाची इस्त्री आणली आणि प्लास्टिकवर फिरवली.

प्लास्टिक इस्त्रीला गेलं. थोडं धोतराला गेलं.

तुळजाबाईनं इस्त्री उलटी धरून बघितली. "गुरुबसअण्णा," ती म्हणाली, "चुण्या गेल्या बरं का. इस्त्री बी गेली."

दुसरं प्लास्टिक त्यानं तळव्यानं घासून घासून बसवलं. बाहेर सोडलेल्या कडा त्याला लक्तरासारख्या लोंबताना दिसल्या, म्हणून त्या कात्रीनं काठासरशी कापून टाकल्या. राहिलेलं सरकू नये म्हणून काठावर चौफेर बारीक खिळे मारले. पुरते ठोकले असते तर प्लास्टिक फाटलं असतं, म्हणून डोकी जराशी वर ठेवली. मग चार पावलं मागं जाऊन त्यानं पाहिलं. पेटीला लावलेल्या मखमलीसारखं दिसत होतं.

"कडा कुठं गेल्या?" नीलम्मानं विचारलं.

"नीट केलं."

"आता लादी काढायची कशी?"

"काढायचं काम साहेबांचं हाय. आपलं काम भरायचं."

मंगळवारी सकाळी साबण ओतला. त्यासाठी नीलम्मानं टँकरच्या गोड पाण्याची एक कळशी कुणाला हात लावू न देता राखली होती. टँकर पुन्हा कधी येणार ते टँकरवाल्यालाही ठाऊक नव्हतं, आणि खोबरेलाचा डबा तर तळाला गेला होता. म्हणजे लादी होणार ती हीच एक.

उकडत होतं. गुरुबसप्पा सदरा काढून, धोतर खोचून उभा होता. नीलम्मानं दाट झालेला साबण साच्यात सोडला आणि हा खोक्यावर वाकून कोपरे बघायला लागला.

"मागं सरा. कास्टिक हाय त्यात, चामडी निघंल."

"कोपऱ्यात हवा राहती. बघू दे."

"अवो, सरा!"

चारी कोपरे बघून झाल्यावरच तो सरला. नीलम्मानं वर पोतं झाकलं. साबण कसा सायीसारखा बसला होता. तिनं पोत्याला हात जोडले.

गुरुबसप्पानं तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकली, कपाळाला भस्म लावलं आणि पूजेला बसला. लिंगायत माणूस. गळ्यातल्या शिवदोऱ्याला चांदीची डबी, डबीत इष्टलिंग. ते काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, परत गळ्यात घालायचं, मगच ताटावर बसायचं. पूजेशिवाय अन्न नाही, आणि लिंग अंगावेगळं झालं तर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. वडील तसेच वागले, आजा तसाच वागला.

त्यानं गळ्याकडं हात नेला. हाताला गळाच लागला.

त्यानं पाट उचलला, धोतर झाडलं, न्हाणी बघितली, सदऱ्याचे खिसे उलटे केले. सदरा सकाळपासून अंगावर नव्हताच, पण माणूस बघतो. शेवटी नीलम्माच खोक्यापाशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "हिकडं या."

काठावरच्या एका खिळ्याच्या डोक्याला शिवदोऱ्याचा तुकडा अडकलेला होता. दोऱ्याचं बाकीचं टोक आणि टोकाला जे काही होतं ते साबणाच्या खाली.

दोघं बराच वेळ त्या गुळगुळीत साबणाकडं बघत उभे राहिले. त्याच्यावर एक चुणी नव्हती.

"हात घालू का?" गुरुबसप्पा म्हणाला.

"घाला. निघंल तेवढा हात घेऊन दवाखान्यात जाऊ."

"पळीनं?"

"धरलाय आता तो. पळी घातली की लादीचा भुगा." तिचा आवाज जरा बारीक झाला. "गुरुवारी साहेब येऊन राहिलेत. बायकांनी घराघरातून तेल दिलंय ह्याला."

गुरुबसप्पानं पाण्याच्या घागरीकडं बघितलं. त्याला तहान लागली होती. सकाळपासून नव्हती लागली.

विरूपाक्ष स्वामींना बोलावणं गेलं. स्वामी गावचे जंगम, म्हणजे लिंगायतांचे गुरू. लग्नापासून मातीपर्यंत सगळ्यांचा निवाडा त्यांच्याकडं. ते आले, शरणार्थ म्हणून नमस्कार झाला, त्यांनी खोक्याभोवती एक फेरी मारली.

"स्वामी, दुसरं लिंग देता का?" गुरुबसप्पानं विचारलं.

"हरवलं तर देता येतंय," स्वामी म्हणाले. "तुझं हरवलंय का?"

"साबणात हाय."

"म्हणजे कुठं हाय ते ठाऊक हाय. ठाऊक असलेली वस्तू हरवली कशी म्हणायची?"

नीलम्मानं पदराआड तोंड लपवलं. ती रडत होती का हसत होती ते गुरुबसप्पाला समजलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

स्वामींनी डोळे मिटले. मग उघडले. "लिंग अंगावर पायजे. लिंग कशात हाय? साबणात. साबण कशात हाय? खोक्यात. खोकं अंगावर घे, म्हणजे लिंग अंगावर आलं. पाणी पिऊ शकतोस."

"आन् जेवण?"

"जेवायला पूजा लागती. पूजा डाव्या तळहातावर."

तेही करून पाहिलं. गुरुबसप्पानं डावा तळहात पसरला, त्यावर नीलम्मानं आणि तुळजाबाईनं मिळून भरलेलं खोकं टेकवलं. दहा-बारा किलो तरी असेल. हात सोडायचा अवकाश, गुरुबसप्पा डाव्या अंगाला बोहल्यावरच्या म्हाताऱ्यासारखा कलला.

"उजवा हात लावू का खालून?" तो कण्हत म्हणाला.

"लावलास तर मग तो डावा तळहात राहिला न्हाई," स्वामी म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम.

"माझ्या इस्त्रीनं दाबून बघू का?" तुळजाबाई म्हणाली.

मग धोतराची जोडी उलगडून खोकं, तळ आतल्या अंगाला करून, गुरुबसप्पाच्या छातीला करकचून बांधलं. तो दोन तांबे पाणी प्याला. दुकान बंद ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तो तसाच गल्ल्यावर जाऊन बसला.

गिऱ्हाईक यायचं, पावशेर साखर मागायचं, आणि खोक्याकडं बघायचं. गुरुबसप्पाला समोरचा तराजू दिसत नव्हता. तो हात लांब करून अंदाजानं साखर टाकायचा आणि खोक्याचा कोपरा पारड्याला लागायचा.

"अण्णा, खोकं बी तोलून राहिलात का माझ्यात?"

"न्हाई न्हाई."

"मग काय हाय त्यात?"

"साबण."

"छातीला कशाला?"

"देव हाय त्यात."

गिऱ्हाईक साखर घेऊन निघायचं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात दोन मतं झाली. एक, गुरुबसप्पाला उन्हानं झालंय. दोन, कचेरीनं काढलेली दुष्काळावरची नवी योजना आहे, आणि आपल्याला का मिळाली नाही. दुसऱ्या मताचे लोक जास्त होते.

बुधवारी पोटानं आवाज काढायला सुरुवात केली. नीलम्मानं चुलीवर भाकरी टाकली की तो घराबाहेर जायचा, आणि सगळ्याच घरांतून भाकरीचा वास यायचा. तो ताटावर बसू शकत नाही म्हणून नीलम्माही त्याच्यासमोर बसेना. मागच्या दारी जाऊन चोरल्यासारखी दोन घास खाऊन यायची आणि तोंड पुसायची. तिच्या हनुवटीला ज्वारीचं पीठ दिसलं की गुरुबसप्पा भिंतीकडं बघायचा.

"आत्ताच कापू का?" तिनं दुपारी विचारलं. खोक्याकडं बघत विचारलं, नवऱ्याकडं नाही.

"उद्या कापणारच हायत की साहेब."

"भूक लागली असंल."

"कुणाला?" गुरुबसप्पा म्हणाला, आणि पोटानं उत्तर दिलं.

गुरुवारी शाळेच्या पटांगणात मांडव होता. मंडळाच्या बायका हिरव्या लुगड्यांत, मधे टेबल, टेबलावर साबण कापायची तार आणि तबक. साहेबांसाठी झाकलेला पाण्याचा ग्लास आणि उपम्याची ताटली. टेबलामागं गुरुबसप्पा, छातीला खोकं, खोक्याला झेंडूचा हार. हार कुणी घातला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

रेणुकादास साहेब आले. नव्या जिल्ह्यावर बोलले. जिल्हा कसा सगळ्यांच्या कष्टानं उभा राहील, पाण्याविना राहून आपण कसे खंबीर झालो आहोत, असं बोलता बोलता ते दोनदा पाणी प्याले. मग तार हातात घेतली आणि त्यांना प्रथमच खोकं नीट दिसलं.

"हे... यांना का बांधलंय?"

स्वामी पुढं झाले आणि सगळी हकिकत सांगितली. लिंग, साबण, खोकं, तळहात. साहेब ऐकत गेले तसा त्यांचा तार धरलेला हात खाली येत गेला.

"म्हणजे यात धार्मिक वस्तू आहे?"

"हाव."

"आणि माझी तार तिला लागू शकते?"

"लागंल बी, न्हाई बी. कुठं हाय ते देवाला ठाऊक."

साहेबांनी तार तबकात ठेवली आणि रुमालानं हात पुसले. "असं करू, ह्यात मी निर्णय घेणं योग्य नाही. वर विचारतो. उत्तर येईपर्यंत लादी अशीच राहू द्या. जैसे थे."

"उत्तर कवा येतंय?" गुरुबसप्पानं विचारलं.

"जिल्हा नवा आहे," साहेब म्हणाले. "फायलींचे कप्पेच अजून यायचेत."

गुरुबसप्पाला उपम्याची ताटली दिसत होती. कडीपत्त्याची तीन-चार पानं आणि वर खोबरं. त्याच्या मनात आलं की साहेबांचं उत्तर येईस्तोवर आपण खोक्यासकट वाळून जाऊ, मग आपल्याला आणि खोक्याला एकदमच उचलावं लागेल. तरी खोकं फोडा असं त्यानं म्हटलं नाही. लादी त्याची नव्हती.

नीलम्मा पुढं आली. तिच्या हातात दुकानातली पहार होती. ती कधी आणली ते कुणी पाहिलं नव्हतं.

"झोपा," ती म्हणाली.

"कुठं?"

"टेबलावर. उताणं."

"अगं, साहेब जैसे थे म्हणालेत."

"साहेब उपमा खाऊन जैसे थे म्हणालेत. झोपा."

साहेबांनी उपमा अजून खाल्ला नव्हता, पण ही वेळ ते सांगायची नव्हती.

"बाई, अशानं कार्यक्रम झाला असं मला लिहिता येणार नाही," ते एवढंच म्हणाले. "गाळ्याचं मग..."

"ठाऊक हाय," नीलम्मा म्हणाली. मागं बसलेल्या बायकांकडं तिनं एकदा बघितलं. घराघरातून तेल दिलेल्या बायका. तुळजाबाईनं पदर खोचला आणि म्हणाली, "फोडा की वैनी. मेला माणूस गाळ्यात बसवून काय करायचं?"

गुरुबसप्पा टेबलावर आडवा झाला. खोकं बांधलेलं धोतर सोडायचं नव्हतं, लिंग अंगावरून हलायला नको होतं, म्हणून जे काय करायचं ते छातीवरच करायचं होतं. नीलम्मानं सांध्यात पहार घातली आणि जोर लावला. खोकं हललं नाही. आख्खं पटांगण बघत होतं. हत्ती बसला तरी हलणार नाही असं खोकं गुरुबसप्पानं आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं.

"लई पक्कं केलंय," तो खालून म्हणाला. त्याला अभिमान आवरला नाही.

"गप बसा."

शेवटी तुळजाबाईनं पाय टेबलाला लावला, दोघींनी पहार दाबली, सरस सुटला, खिळे किंचाळत निघाले आणि एक बाजू उघडली. मग दुसरी. नीलम्मानं हातांना प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या आणि तार घेतली. डावीकडचा पहिला तुकडा पाडला. काही नाही. दुसरा पाडला. काही नाही. तुकडे सरळ येत नव्हते, कारण गुरुबसप्पा श्वास घेत होता.

"श्वास धरा जरा."

त्यानं धरला. तिसऱ्यांदा तार निम्म्यात थांबली.

नीलम्मानं तार काढली आणि बोटांनी साबण फोडला. चांगला मूठभर चुरा झाला. आतून पांढरी झालेली चांदीची डबी निघाली, दोऱ्याच्या तुकड्यासकट. तिनं ती कपाळाला लावली नाही, कास्टिक होतं. तबकात ठेवली. स्वामींनी साहेबांच्या ग्लासातलं उरलेलं पाणी घातलं, मग बोअरची बादली आली. भरपूर फेस झाला. धुऊन, पुसून, नव्या दोऱ्यात ओवून लिंग गुरुबसप्पाच्या गळ्यात गेलं तेव्हा तो अजून उताणाच होता, कारण त्याला उठ असं कुणी म्हटलं नव्हतं.

साहेब जवळ आले. "आता यात धार्मिक असं काही उरलेलं नाही ना?"

"न्हाई," स्वामी म्हणाले. "आता नुसता साबण हाय."

"मग उरलेली अर्धी लादी मी कापू शकतो?"

फोटोवाला धावत आला. त्या दिवसाचा फोटो पुढं बरीच वर्षं मंडळाच्या गाळ्यात लटकत होता. नव्या जिल्ह्याचे साहेब हसतमुखानं साबण कापताहेत, आणि साबणाखाली एक माणूस हात जोडून पडलेला आहे. बाहेरगावचे लोक विचारायचे, कुणाची पुण्यतिथी?

फोटो झाल्यावर गुरुबसप्पा उठला. तिथंच मांडवात मांडी घालून बसला, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि शांतपणे पूजा केली. सगळे थांबले. साहेबही थांबले, जोडे घालून उभं राहावं का काढावेत ते न समजून. पूजा आटोपली. नीलम्मानं टेबलावरची उपम्याची ताटली उचलली आणि नवऱ्यापुढं ठेवली.

गुरुबसप्पानं मोठा घास घेतला. चावला. गिळला. डोळे मिटून उघडले.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

नीलम्मानं टेबलावरची तार उचलून गुंडाळली आणि तुळजाबाईकडं देऊन टाकली. त्या वेळेला ती आपल्याजवळ नसलेली बरी, असं तिला वाटलं.